कड घासलेला १६२२ चा टालर: एका खरेदीचं प्रकरण

तीस वर्षांच्या युद्धातलं (१६१८–१६४८) एखादं तरी जर्मन चांदीचं नाणं आपल्याकडे असावं असं ठरवणारा संग्राहक हमखास एका नाण्यापाशी येऊन थांबतो. १६२२ चा 'प्फाफेनफाइन्ट' टालर. एका बाजूला ढगातून निघालेला चिलखती हात आणि त्यात नागवी तलवार. दुसऱ्या बाजूला मधोमध चार ओळी: 'गॉटेस फ्रॉइन्ट डेअर प्फाफेन फाइन्ट', म्हणजे 'देवाचा मित्र, पाद्रड्यांचा वैरी'. 'प्फाफ' हा पाद्र्याला हिणवून वापरायचा शब्द आहे, म्हणून पाद्रडा.

हे नाणं दुर्मीळ नाही. युद्धकाळातली कितीतरी वेढ्याची नाणी, म्हणजे घाईत कापलेल्या चौकोनी 'क्लिपे', याच्याहून विरळ आहेत. तरी याचा भाव चढाच राहतो. तो चांदीमुळे नाही की छपाईच्या सफाईमुळे नाही, तर त्याला चिकटलेल्या गोष्टीमुळे. पुढे मांडलेलं प्रकरण ही गोष्ट बाजूला ठेवून नाणं कसं तोलायचं याचं आहे. नाणं आणि त्याची मोजमापं नमुन्यादाखल घेतली आहेत. बाजारात हा टालर ज्या अवस्थेत वारंवार समोर येतो, तीच ही अवस्था.

गोष्ट काय आहे

ब्राउनश्वाइग-वोल्फेनब्युटेलचा क्रिस्टियान हा प्रोटेस्टंट बाजूचा भाडोत्री सैन्याचा सेनापती. जन्म १५९९ चा, म्हणजे १६२२ च्या जानेवारीत वय अवघं बावीस. लोक त्याला 'हालबरश्टाटचा वेडा' म्हणत. गंमत अशी की हा पाद्र्यांचा वैरी स्वतः हालबरश्टाटच्या धर्मप्रांताचा प्रशासक होता आणि त्याच पदाच्या उत्पन्नावर जगत होता. जानेवारीत त्यानं लिपश्टाट घेतलं आणि महिनाअखेरीस पाडरबॉर्नमध्ये शिरून तिथल्या कॅथेड्रलचा खजिना लुटला. त्यात संत लिबोरियसच्या अस्थींची, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची पेटी होती. ती वितळवली गेली आणि सैन्याच्या पगारासाठी टालर पाडले गेले. छपाई लिपश्टाटची मानतात.

पुढचं थोडक्यात. जूनमध्ये हेख्स्टला पराभव, ऑगस्टमध्ये फ्ल्यूरसच्या लढाईत डावा हात गेला, १६२३ च्या ऑगस्टमध्ये श्टाटलोनला सैन्याची धूळधाण आणि १६२६ मध्ये मृत्यू. अस्थी १६२७ मध्ये पाडरबॉर्नला परत आल्या. ड्रिंगेनबर्गच्या हान्स क्राको या कारागिरानं त्यांच्यासाठी नवी पेटी घडवली.

बारा प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांच्या, चांदीच्या मूर्तींची कथाही याला जोडून सांगतात: मूर्ती पाहून क्रिस्टियान म्हणाला, 'तुमच्या प्रभूनं तुम्हाला जगभर जायला सांगितलं होतं ना, मग इथे काय बसलात!' आणि त्या वितळवायला धाडल्या. कथा चटकदार आहे, पण अशीच कथा इतर लुटारूंच्या नावावरही सांगतात. विक्रेत्यानं ती वर्णनात घातली, तर तिचा भाव शून्य धरावा.

लिलावातलं नाणं

सूचीतलं वर्णन दीड ओळीचं: 'टालर १६२२, लिपश्टाट. हेन्केलश्पूर. सेअर श्योन.' यातल्या दोन शब्दांवर सगळं प्रकरण उभं आहे.

'सेअर श्योन'चा शब्दशः अर्थ 'फार सुंदर'. प्रत्यक्षात ही मधली प्रत आहे. तिच्यावर 'फोरत्स्यूगलिश', खाली नुसतं 'श्योन'. 'श्योन' म्हणजे सुंदर असं समजून नाणं घेणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा घासून गुळगुळीत झालेली चकती येते.

'हेन्केलश्पूर' म्हणजे कडीची खूण. नाण्याच्या माथ्यावर कधीकाळी कडी झाळलेली होती आणि ती काढून टाकली आहे. आपल्याकडे रुपयांच्या माळेतला एखादा राणीछाप सुटा करून विकायला आणला की सराफ पहिल्यांदा कडीच्या डाखाची जागा बघतो, तशीच ही नजर. प्फाफेनफाइन्ट टालर तर गळ्यात घालण्यासाठीच जपला गेला. कॅथलिकांना डिवचणारा मजकूर छातीवर मिरवायला प्रोटेस्टंट घरांत मागणी होती. त्यामुळे कडीची, मुलाम्याची किंवा चौकटीची खूण नसलेला नग मिळणं हीच खरी अडचण.

लिलावाआधी नाणी पाहायला ठेवतात. तिथे नेण्याची हत्यारं चारच: दहापट भिंग, डिजिटल व्हर्निअर कॅलिपर (जबड्यांवर पातळ टेप चिकटवून, नाही तर चांदीवर ओरखडा उठतो), ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला काटा आणि छोटी टॉर्च. विचारल्यावर वजन करू देतात. काही ठिकाणी ते स्वतःच करून दाखवतात.

मोजमाप असं आलं: वजन २७.९२ ग्रॅम, व्यास ४१.१ मिमी.

आता हिशेब. पवित्र रोमन साम्राज्याच्या १५६६ च्या नियमाप्रमाणे एका कोलोन मार्क वजनात, म्हणजे २३३.८६ ग्रॅममध्ये, आठ राइख्सटालर, म्हणजे साम्राज्याचे प्रमाण टालर, पाडायचे. एकाचं वजन २९.२३ ग्रॅम, कस हजारी ८८९, निव्वळ चांदी २५.९८ ग्रॅम. चारशे वर्षांची झीज धरून चांगल्या अवस्थेतलं नाणं २९ ग्रॅमच्या आसपास भरावं. इथे साधारण एक ग्रॅम कमी आहे. कडी काढताना एका जागी कानस फिरली म्हणून एवढं वजन जात नाही.

एक ग्रॅम चांदी म्हणजे सुमारे ९७ घनमिलिमीटर. नाण्याचा घेर १२९ मिमी, सरासरी जाडी २ मिमीच्या जरा वर, म्हणजे कडेचं क्षेत्रफळ साधारण २७० चौरस मिमी. भागाकार केला की ०.३६ मिमी येतात. सबंध कडेवरून एवढा थर उतरला, तरच वजनाचा मेळ बसतो. हा आकडा हातात घेऊन नाणं पुन्हा भिंगाखाली धरलं, तेव्हा आधी नजरेतून निसटलेलं दिसलं. बाहेरची दोरीसारखी किनार कुठेच शिल्लक नव्हती. एका बाजूला नसती तर हरकत नव्हती, त्या काळात छाप सरकायचाच. पण इथे अक्षरांच्या डोक्यापासून कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंना जवळपास सारखं होतं. त्या काळातलं नाणं इतकं नेमकं मधोमध बसलेलं दिसलं की आनंद मानू नये, संशय घ्यावा.

निष्कर्ष असा की नाणं नुसत्या कडीवर लटकत नव्हतं. ते सबंध चौकटीत बसवलं होतं आणि चौकट काढल्यावर कड घासून एकसारखी केली होती. सूचीत यातलं अवाक्षर नाही. बेइमानी असेलच असं नाही. शेकडो नगांचं वर्णन लिहिणारा माणूस माथ्यावरची खूण पाहतो, ती नोंदवतो आणि पुढच्या नगाकडे वळतो.

इथे एक शंका रास्त आहे. १६२२ हे तर 'किपर-विपर' काळातलं ऐन वर्ष. चांगली नाणी तागडीत तोलून जड तेवढी बाजूला काढायची, कातरायची, वितळवायची आणि तांबं भरलेली हलकी सुटी नाणी बाजारात सोडायची, असा तो धंदा. १५६६ नंतर ६८ क्रॉइत्सरला (क्रॉइत्सर हे सुटं नाणं) मिळणारा चांगला टालर या दोन-तीन वर्षांत काही शहरांत ६०० क्रॉइत्सरच्या वर गेला आणि १६२३ मध्ये ९० वर आणून बसवला गेला. मग ही कड त्याच काळात कातरली नसेल कशावरून? फरक कडेवरच दिसतो. कातरणाऱ्याला घाई असते, तो इथून एक कपची, तिथून एक कपची काढतो, नाणं बहुकोनी होतं आणि कापलेल्या जागेवर नाण्याच्या अंगासारखाच काळपटपणा चढतो. या नाण्याच्या कडेवर समांतर, बारीक, एकाच दिशेच्या कानशीच्या रेघा होत्या आणि त्यांच्या तळाशी धातू अजून उजळ होता. हे सोनाराचं काम आहे, आणि बरंच अलीकडचं.

अंगावरही दोन गोष्टी होत्या. तलवारीच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा अनैसर्गिक सपाट होती. ओरखडे घालवायला घोटणीनं घोटल्याची ती चकाकी. टॉर्च अगदी आडवी धरली तरच ती दिसते, समोरून पाडलेल्या प्रकाशात लपते. आणि 'प्फाफेन' या शब्दातल्या अक्षरांच्या कोपऱ्यांत पिवळसर कण. मुलामा होता, घालवला आहे, पण खाचांतून निघालेला नाही.

नकली तर नाही?

चौकट, मुलामा आणि घोटलेलं अंग हे सगळं ओतीव नकलेचे दोष झाकायलाही वापरतात, त्यामुळे हा प्रश्न टाळून चालत नाही. ओतीव नाण्याच्या अक्षरांचे कोपरे साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखे गोलावलेले असतात आणि सपाट जागेत गोल तोंडाची सूक्ष्म छिद्रं दिसतात. इथे 'यू'च्या जागी कोरलेल्या 'व्ही'चे पाय टोकाला तीक्ष्ण होते आणि अक्षरांच्या बुंध्यापासून कडेकडे धातू वाहिल्याच्या रेघा होत्या. हे छापाचं लक्षण आहे.

पण नकलाही छापून करतात. विसाव्या शतकात जर्मनीत जुन्या टालरांच्या चांदीच्या प्रतिकृती भरपूर निघाल्या. त्यांवर '१०००' किंवा तसा कसाचा शिक्का असतो, बरेचदा कडेवर, आणि कड घासली की तो शिक्काही जातो. म्हणून घासलेल्या कडेच्या नाण्याची ठशाशी, म्हणजे नाणं पाडायच्या कोरीव साच्याशी, तुलना केल्याशिवाय बोली लावू नये.

पद्धत सोपी पण वेळखाऊ आहे. लिलावांच्या ऑनलाइन संग्रहांतून आणि बर्लिनच्या म्युंत्सकाबिनेटसारख्या संग्रहालयांच्या सूचीतून याच टालरची पंधरा-वीस छायाचित्रं गोळा करायची. या टालरचे ठसे अनेक आहेत. क्रिस्टियानच्या पदव्यांची काटछाट, पूर्णविरामांच्या जागा, ढगाच्या वळ्या, तलवारीचं टोक कोणत्या अक्षराकडे रोखलंय, हे सगळं ठशागणिक बदलतं. टोकासमोरचं अक्षर आधी पकडावं, मग बाकीचं जुळवायला सोपं जातं. आपल्या नाण्याची दोन्ही बाजूंची जोडी दोन-तीन वेगवेगळ्या, जुन्या नोंदी असलेल्या नगांशी जुळली पाहिजे. त्याच वेळी उलटंही तपासायचं: एखादा ओरखडा, ठोका किंवा पत्र्याची चीर दोन नगांवर अगदी त्याच जागी दिसली, तर दोन्ही एकाच मूळ नाण्यावरून काढलेल्या नकला आहेत. ठशातला दोष सगळ्या नाण्यांवर उतरतो, वापरात पडलेला ओरखडा मात्र एकाच नाण्याचा असतो. या नाण्याच्या बाबतीत ठसा जुळला आणि ओरखडे कुणाशीच जुळले नाहीत.

बोली

याच ठशाचं, याच प्रतीचं पण धडधाकट नाणं हातात पडेपर्यंत साधारण २,२०० युरोंना जातं असं या प्रकरणात धरलं. चौकट, घासलेली कड, घोटलेलं अंग आणि मुलाम्याचे अवशेष अशा चारही खोटी असतील तर आमच्या मते निम्म्याहून कमी, ४५ टक्के द्यावेत. म्हणजे सगळं धरून सुमारे १,००० युरो. लिलावघराचं कमिशन २३ टक्के असल्यानं १,००० भागिले १.२३, म्हणजे ८१३. बोलीची कमाल मर्यादा ८०० ठरली. नाणं ७८० ला मिळालं. कमिशनसह ९५९ युरो ४० सेंट.

मर्यादा आधी कागदावर लिहून ठेवावी. या नाण्याच्या लिलावात पाडरबॉर्नची गोष्ट ऐकून आलेले दोघं जण नेहमीच असतात आणि त्यांच्या नादानं हात वर जातो.

घरी आल्यावर

तक्रारीची मुदत लिलावाच्या अटींत लिहिलेली असते, तिच्या आत दोन चाचण्या उरकायच्या.

पहिली घनता. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करायचा. नाणं बारीक दोऱ्यानं वरच्या आधाराला टांगून पाण्यात पूर्ण बुडवायचं. तळाला किंवा काचेला टेकता कामा नये. काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. इथे २.७१ ग्रॅम आलं. २७.९२ भागिले २.७१, आणि २० अंशांच्या पाण्यासाठी ०.९९८ नं गुणलं की १०.२८. हजारी ८८९ कसाच्या चांदी-तांब्याची अपेक्षित घनता १०.३ च्या आसपास, म्हणजे ठीक. पण या आकड्यावर फार विसंबू नये. काटा ०.०१ नं चुकला तर उत्तर ०.०४ नं हलतं, आणि ९२५ कसाची घनता १०.३६ आहे. तांब्याच्या गाभ्यावर चांदी चढवलेली नक्कल या चाचणीत उघडी पडते, ९२५ ची नक्कल पडेलच असं नाही. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा घनता कमी दाखवतो. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे धरत नाहीत.

दुसरी चाचणी क्ष-किरण यंत्राची, जे आपल्या सराफाकडे कॅरेटमीटर म्हणून असतं. इथे संग्राहकाची फसगत झाली. तलवारीशेजारच्या सपाट जागेवर टंच आला ९४.८. टालरचा कस ८८.९ हवा, म्हणजे नव्या चांदीची नक्कल गळ्यात पडली असं वाटून तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं गेलं. चूक यंत्राची नव्हती, जागेची होती. टाकसाळीत चकत्या छापण्याआधी आम्लात उकळून पांढऱ्या करत. त्यात पृष्ठभागातलं तांबं विरघळून जातं आणि वर जवळजवळ निव्वळ चांदीची साल राहते. यंत्र मुख्यतः ही सालच वाचतं, वरच्या अगदी पातळ थरापलीकडे त्याला दिसत नाही.

मग नाणं उभं धरून घासलेल्या कडेवर मोजलं: चांदी ८९.२, तांबं ९.८, शिसं ०.६, सोनं ०.३. कानशीनं साल उतरवली होती, म्हणून खालचा खरा धातू उघडा पडला होता. किंमत पाडणाऱ्या खोटीनंच नाण्याची साक्ष दिली. शिसं आणि सोन्याचा हा अंशही बोलका आहे: जुन्या पद्धतीनं शुद्ध केलेल्या चांदीत तो राहतो, विजेच्या पद्धतीनं शुद्ध केलेल्या आजच्या चांदीत जवळपास नसतो. मात्र ही मापं मुलाम्याच्या कणांपासून दूर घ्यावी लागतात. अक्षरांच्या खाचेत घेतलेल्या मापात सोन्याबरोबर पारा सापडला, म्हणजे मुलामा पाऱ्याच्या जुन्या पद्धतीचा होता. माथ्यावर जस्त मिळालं, तो कडीचा डाख.

सोन्याचा अंश पाहून 'मुलामा दिलेल्या पेटीचीच ही चांदी' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो काढता येत नाही. त्या काळच्या कोणत्याही चांदीत हा अंश असतो. शिवाय क्रिस्टियानच्या मुशीत नुसती पेटी गेली नाही. गावागावांतून उकळलेली खंडणीही होती. कोणत्या टालरात कोणती चांदी उतरली हे कोणतंच यंत्र सांगत नाही. गोष्टीचे पैसे बाजारभावात सगळ्याच नगांवर आधीच चढलेले आहेत. एका नगासाठी ते दुसऱ्यांदा मोजायचं कारण नाही.

जपणूक आणि भारतात आणणं

नाणं मऊ प्लास्टिकच्या पाकिटात आलं होतं आणि त्यावर चिकट, किंचित हिरवट थर धरला होता. पीव्हीसीच्या पाकिटांचं हे नेहमीचं दुखणं. शुद्ध ॲसिटोनमध्ये पाच मिनिटं, मग ताज्या ॲसिटोनमध्ये पुन्हा एकदा, आणि घासल्याशिवाय सुकू द्यायचं. नखांचं पॉलिश काढायचं द्रव चालत नाही, त्यात तेल आणि रंग असतो. चिंच, रांगोळी, टूथपावडर यांच्या वाटेला तर जाऊच नये. त्यानंतर पॉलिएस्टरचं पाकीट. कोकणात किंवा मुंबईत ठेवायचं तर डब्यात सिलिका जेल, आणि रबरबँड कुठेही नको, त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते.

जर्मनीत राहणाऱ्या आपल्या माणसानं नाणं पुण्याला आणायचं ठरवलं तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. व्याख्येत नाणं कोणत्या देशाचं हे पाहिलेलं नाही. म्हणजे पुढेमागे जर्मनीतल्या लिलावात विकायचा विचार असेल, तर नाणं तिकडेच बँकेच्या लॉकरमध्ये राहिलेलं बरं. आणायचंच असेल तर लिलावाचं बिल जवळ ठेवून कस्टममध्ये जाहीर करावं.

पाकिटातली चिठ्ठी अशी: 'ब्राउनश्वाइग, क्रिस्टियान. टालर १६२२. २७.९२ ग्रॅम, ४१.१ मिमी. कड सबंध घासलेली (पूर्वी चौकटीत), माथ्यावर कडीचा डाख, अंग घोटलेलं, पाऱ्याच्या मुलाम्याचे अवशेष. कस कडेवर मोजलेला, ८९.२. चांदीचं मूळ: लूट, कोणती, ते अज्ञात.'